मेंढरांचं पाणी वाढवायचं की नाही

मी काही वर्षं पत्ते खेळून पगार घेतला, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग जरा जवळ सरकून विचारतो, "म्हणजे नेमके कसले पत्ते?" आमच्याच बिल्डिंगमधल्या एका बाईंनी माझ्या बायकोला जिन्यात गाठून सांगितलं होतं, "वहिनी, भाऊजींना वेळीच आवरा. माझ्या दिराचं अगदी असंच सुरू झालं होतं." बायको म्हणाली, "ह्यांना एक तारखेला पगार येतो." त्यावर त्या बाईंचा चेहरा आणखीच पडला. जुगारात नियमित पगार मिळतो म्हणजे प्रकरण फारच पुढं गेलं असणार, असं त्यांना वाटलं असावं.

तर आधी खुलासा करतो. त्याआधीची सगळी हयात मी वाळूजला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस होतो. भाग मापाच्या गेजमध्ये बसला की पास, नाही बसला की भंगारात. माझ्या हाताखालून गेलेला माल परत आला असं फारसं झालं नाही, आणि हे मी आजही पाहुण्यांना त्यांनी न विचारता सांगतो. कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती काढली, मी घेतली, आणि घरी बसून आमटीतलं मीठ आणि दुधाचा रतीब तपासू लागलो. निखिल हा माझ्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा. पुण्याची नोकरी सोडून तो परत आला होता आणि बीड बायपासला एका फ्लॅटमध्ये त्यानं खेळ बनवणारी कंपनी काढली होती. माझ्या बायकोनंच त्याला गळ घातली म्हणे, "अरे, ह्यांना काहीतरी तपासायला दे रे बाबा."

खेळाचं नाव होतं 'मुलूख'. हे जमवायचे पत्ते. बंद पाकिटात पंधरा पत्ते असतात आणि आत काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही. प्रत्येक पत्त्यावर चित्र, त्याची ताकद, आणि तो मांडायला किती पाणी लागतं तो आकडा. पाणी मिळतं विहिरीच्या पत्त्यांतून. दर फेरीला एक विहीर मांडायची आणि असेल तेवढ्या पाण्यात जे बसेल ते मैदानात उतरवायचं. समोरचा चालून आला की आपले पत्ते आडवे घालायचे, नाहीतर मार थेट आपल्या गावाला बसतो. ज्याचं गाव आधी पडलं तो हरला. विहिरी डब्यातून हव्या तेवढ्या घेऊन गठ्ठ्यात मिसळायच्या, पण वेळेवर हातात येतील याची खात्री नाही. नाही आल्या की आमच्या ऑफिसातली पोरं ओरडायची, "टँकर मागवा!"

ती वर्षं तशीच होती. ऑफिसच्या बिल्डिंगचं बोअर आटलेलं, टँकर येईल त्या दिवशी येईल. आमचा डाव ऐन रंगात असताना खाली हॉर्न वाजला की सगळे आपापले पत्ते पालथे ठेवून बादल्या घेऊन पळायचे आणि ओल्या हातानं परत यायचे. पत्त्यांना हात लावण्याआधी हात पुसायचे, एवढा एकच नियम निखिलनं भिंतीवर लिहून लावला होता. पहिल्या वर्षी खिडकीतून ज्वारीचं रान दिसायचं, दुसऱ्या वर्षी तिथं प्लॉटचे दगड रोवले गेले आणि तिसऱ्या वर्षी समोरच्या गॅलरीतले कपडे. शहर वाढत होतं आणि पाणी कमी होत होतं, आणि आम्ही आत बसून पाण्याचे आकडे ठरवत होतो.

आता माझं काम काय, तर तोल राखणं. 'मुलूख'मध्ये गठ्ठ्याचे चार बाज होते. पोरं गठ्ठ्याला डेक म्हणायची, मी गठ्ठाच म्हणतो. धाडीचा गठ्ठा म्हणजे स्वस्त घोडेस्वार, पहिल्या फेरीपासून अंगावर येणार. कोटाचा गठ्ठा भिंती उभारून धाड अडवणार. बाजाराचा गठ्ठा सुरुवातीला मार खाणार, पण साठवत साठवत शेवटी कोटाच्याही वर जाणार. आणि चौथा कळपाचा. मेंढरू एकटं काहीच नाही, फुंकर मारली तरी पडेल, पण जितकी मेंढरं मैदानात जास्त तितकं प्रत्येकाचं बळ वाढतं. या चौघांपैकी कुणीच कायमचा वरचढ व्हायला नको आणि कुणी कायमचा लाचारही नको. एखादा बाज लंगडायला लागला की त्याच्या पत्त्याची ताकद एकानं वाढवायची, मातला की एक पाणी जास्त मागायचं. एका पाण्यानं काय होतं असं कुणालाही वाटेल. पण तिसऱ्या फेरीला येणारा पत्ता चौथ्या फेरीला आला, तर तेवढ्यात धाडीचं घोडं तुमच्या गावात शिरलेलं असतं.

खरी गंमत पंगतीत होती. आठ जण गोल बसायचे, म्हणून आम्ही त्याला पंगत म्हणायचो. प्रत्येकानं एक पाकीट फोडायचं, त्यातला एकच पत्ता ठेवायचा आणि उरलेले डाव्या हाताच्या माणसाला द्यायचे. त्याच वेळी उजवीकडून तुमच्याकडे दुसऱ्याचे उरलेले येतात. पुन्हा एक ठेवायचा, पुन्हा पुढं. असं करत तीन पाकिटं संपवायची, दुसऱ्या पाकिटाला मात्र दिशा उलटी. मग हाती आलेल्यातून गठ्ठा बांधायचा आणि त्यावर तीन डाव खेळायचे. वाढपी तुम्हीच आणि जेवणारेही तुम्हीच. पंगतीत बोलायचं नाही, तोंडही वेडंवाकडं करायचं नाही.

या शांततेनंच एकदा घोटाळा केला. जिन्यातल्या त्या बाईंसारख्याच कुणीतरी तक्रार केली असणार, कारण एका रविवारी दारात हवालदार उभा. आठ माणसं गोल बसलेली, हातात पत्ते आणि कुणाच्या तोंडून चकार शब्द नाही. त्यानं विचारलं, "पैसे कुठं लपवले?" निखिलनं घाईघाईनं त्याच्या हातात एक पत्ता दिला. हवालदारानं तो उलटासुलटा करून पाहिला.

"ही मेंढी कितीची?"

"दोन पाण्याची, साहेब."

"पाण्याची?" त्यानं आमच्याकडे असं पाहिलं की जणू दुष्काळानं ह्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण गेला नाही. दाराला टेकून दोन डाव उभ्यानं बघितले. जाताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "त्या चष्मेवाल्याला सांगा, ती भिंत मोडू द्यायला नको होती." त्यानंतर तक्रार आली नाही, किंवा आली असेल तर त्यानंच ती मिटवली असेल.

तऱ्हेवाईक माणसं खूप भेटली. गंगापूरहून जीपनं येणारा एक ऊसवाला होता. गठ्ठ्यात तो निम्म्याहून जास्त विहिरीच भरायचा. शेवटी त्याच्यासमोर पाणीच पाणी असायचं आणि उतरवायला एकही माणूस नसायचा. "तुम्ही हरताय," मी म्हणायचो. "हरू द्या हो," तो म्हणायचा, "पण बघा की काय गारगार वाटतंय." अशा माणसाच्या निकालावरून कुठल्या बाजाचा तोल ठरवायचा, सांगा. तपासनिसाला असली माणसं म्हणजे डोकेदुखी. मला मात्र तो फार आवडायचा.

पण मला सांगायचं आहे ते अनीसाबद्दल आणि भानुदासबद्दल.

अनीसा गुलमंडीतल्या कापडवाल्यांची मुलगी. बी.कॉम. झालेली, दुकानात अब्बांना मदत करायची आणि रविवारी आमच्याकडे खेळून तपासायला यायची. जिभेनं तिखट. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "काका, आप पत्ते ऐसे पकडते जैसे चोरीचा माल हाय." आणि जिंकायची. सारखी जिंकायची. भानुदास आमचा चित्रकार. देवगाव रंगारीकडचा, मेंढपाळाच्या घरातला. कळपाचा बाज ही कल्पनाच त्याची. घोडे, बुरूज, पेठा ही चित्रं तो नेमून दिल्यासारखी काढायचा, चांगलीच काढायचा, पण मेंढरं काढताना खुर्ची सोडून जमिनीवर बसायचा. कळपाच्या पत्त्यांवर एका मेंढीसारखी दुसरी नव्हती. मी विचारलं, "इतकी वेगवेगळी कशाला? छापताना कोण बघणार?" तो म्हणाला, "वेगळीच असत्यात काका. तुमच्या कारखान्याचा माल न्हाय त्यो."

पहिला संच छापायला जायचा होता. छापखान्याची तारीख ठरलेली. आणि नेमकं तेव्हा निखिलनं आतापर्यंतच्या रविवारच्या पंगतींचे, संगणकात भरून ठेवलेले निकाल माझ्यासमोर ठेवले. कळपाचा गठ्ठा सगळ्यांना मारत होता. धाड, कोट, बाजार एकमेकांच्या आसपास, आणि कळप कुठल्या कुठं वर.

"काका, सरळ आहे," निखिल म्हणाला. "कळपाच्या प्रत्येक पत्त्याला एक पाणी वाढवायचं. तुम्ही हो म्हणा, मी आज फाइल पाठवतो."

आकड्यात बदल माझ्या होकाराशिवाय करायचा नाही, हे त्यानं पहिल्या दिवशीच ठरवून दिलं होतं. कारखान्यात मी असे निर्णय डोळे मिटून घेतले असते. भाग मापाबाहेर गेला की भंगारात. पण इथं गेज कुठं होतं? निकाल खोटे नव्हते, तरी काहीतरी खटकत होतं आणि काय ते मला सांगता येत नव्हतं.

भानुदास खिडकीपाशी उभा होता. तो एकदम म्हणाला, "एक पाणी वाढवलं तर कळप मेला म्हणून समजा."

"मरत नाही रे, थोडा हळू होईल," निखिल म्हणाला.

"हळू झाला की मेला. धाड त्याला उभाच ऱ्हाऊ देणार न्हाय. मंग कोण घेईल? पाकिटातनं मेंढी निघाली की लोक फेकून देतील. ह्या साली मेंढराला पाणी वाढवून मागता व्हय तुम्ही?" त्याचा आवाज चढला होता. मग तो माझ्याकडे वळला आणि हळू बोलला. "काका, आमच्या घरची मेंढरं मागल्या महिन्यात विकली. चारा नाय, पाणी नाय, कुठवर नेणार. आप्पा तवापासून कुणासंगट धड बोलत नाय. मी त्यांना सांगितलंय, मी मेंढरं काढलीत, ती दुनियेच्या हातात जातील. तेवढी जगू द्या."

निखिल वाईट मुलगा नव्हता. त्याचं कर्ज, त्याची झोप, सगळं त्या संचावर टांगलेलं होतं, आणि एक बाज मातलेला संच बाजारात गेला तर लोक दुसरं पाकीट घेत नाहीत हे त्याचं म्हणणं खरंच होतं. इकडं आड, तिकडं विहीर. मी म्हणालो, "रविवारी एक पंगत बसवू. त्यानंतर सांगतो."

त्या रविवारी आठही जणांच्या कानावर गेलेलं होतं की कळप सगळ्यात भारी आहे. मी खेळलो नाही, मागं फिरत राहिलो. पहिलं पाकीट फुटलं आणि मी बघतो तो काय, जिकडंतिकडं मेंढरांवर हात. निखिलनं मेंढी घेतली, त्याच्या शेजाऱ्यानं घेतली, ऊसवाल्यानंसुद्धा विहिरींचा विचार सोडून मेंढी घेतली. लग्नात गुलाबजामांची परात आली की होतं तसं. आणि दरवेळी कळप घेणारी अनीसा? तिनं पहिली एक मेंढी घेतली, मग दोन फेऱ्या शेजाऱ्याकडून काय येतंय ते बघितलं, आणि भिंती उचलायला लागली. एकापाठोपाठ एक, सगळ्यांनी सोडलेल्या चांगल्या चांगल्या भिंती.

डाव झाले. कळप घेणारे पाच जण होते, पाचही आपटले. प्रत्येकाकडे थोडी थोडी मेंढरं, बळ यावं इतकी कुणाकडेच नाहीत. अनीसा कोट घेऊन तिन्ही डाव जिंकली.

निखिल हताशपणे म्हणाला, "म्हणजे आता कोटाचं पाणी वाढवायचं?"

तेव्हा अनीसानं आपले पत्ते टेबलावर आपटले. "बस करो ना भई! आज कोट मारणार, पुढच्या इतवारी बाजार मारणार. सब मार डालोगे, फिर खेलोगे क्या?"

"मग तूच सांग," मी म्हणालो.

तिच्या चेहऱ्यावर, एखादा चांगला ठेवणीतला कपडा दुसऱ्याला काढून द्यावा लागतोय तसा भाव होता. तिनं भानुदासकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "सांगते. काका, मला मेंढरांचं काय पडलेलं नाय. इतके दिवस तुम्ही सगळे धाडीच्या मागं पळत होते. घोडा दिसला की हात. मेंढरू कुणी घेतच नव्हतं, सगळं फिरून माझ्याकडं यायचं. अख्खा कळप एकटीला मिळाला तर मी जिंकणारच ना? आज तुम्ही मेंढरांवर तुटून पडले, भिंती मला सोडल्या. मी बाज नाय घेत. तुम्ही सोडता ते घेते. उजवीकडून काय येतंय ते बघायचं, बस्स."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?" निखिल ओरडलाच.

"सांगितलं असतं तर तुम्ही पण तेच केलं असतं," ती म्हणाली. "मग मी जिंकले असते का?"

मला काय खटकत होतं ते तेव्हा कळलं. आम्ही कोणता बाज किती जिंकला ते मोजत होतो. तो बाज त्या पंगतीत किती जणांनी वाटून घेतला होता, ते कुणी मोजलंच नव्हतं. गाडीचा भाग कुणाच्या हातात आहे त्यावर त्याचं माप बदलत नाही. पत्त्याचं बदलतं. शेजारी काय घेतोय त्यावर तुमच्या मेंढीचं बळ ठरतं. ज्या बाजाकडे आम्ही पाठ फिरवली होती त्यालाच आम्ही मातलेला ठरवत होतो. ही चूक पंगतीत बसणाऱ्यांकडूनच होऊ शकते, बाहेरच्याकडून झालीच नसती.

आणि हे त्या मुलीनं आपल्या हातानं उघडं केलं. स्पर्धेत खेळणाऱ्या माणसाला आपली खुबी सांगणं किती जड जातं हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय. लोक बायकोलाही सांगत नाहीत. तिनं सांगितली, भानुदासचा कळप वाचावा म्हणून, आणि वर उपकाराचा आव नाही. पुढच्या रविवारपासून सगळेच उजवीकडं डोळे लावून बसायला लागले आणि तिचं ते हमखास जिंकणं संपलं. "माझं तर नुकसान झालं," ती म्हणायची, "पण आता मजा येतीय." खेळही खरा आता रंगायला लागला होता. चारही बाज आलटून पालटून जिंकत होते. मला त्या पोरीचा इतका अभिमान वाटायचा की घरी मी तिच्याबद्दलच बोलत बसायचो आणि बायको म्हणायची, "एवढं माझ्याबद्दल कुणाला सांगितलंय का कधी?"

त्याच रविवारी संध्याकाळी मी निखिलला निर्णय सांगितला होता. कळपाला हात लावायचा नाही. आहे त्या पाण्यात छापायचा. निखिलनं फाइल पाठवली. भानुदास उठून चहा करायला गेला आणि माझ्या चहात दोनदा साखर टाकून घेऊन आला. मी तो प्यायलो.

संच बाजारात आणायच्या दिवशी गुलमंडीजवळ एक छोटा हॉल घेतला होता. टेबलांवर घालायला अनीसाच्या अब्बांनी दुकानातलं पांढरं कापड दिलं. त्या दिवशीचा नियम वेगळा होता. पंगतीत ज्यानं जे पत्ते घेतले, ते त्याचेच, घरी न्यायचे. भानुदास वडिलांना, आप्पांना, घेऊन आला. उंच, वाळलेले, डोक्याला पटका, आणि हात कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखे दोन्ही हात मांडीवर. एका पंगतीत एक माणूस कमी पडत होता. निखिल सहज म्हणाला, "आप्पा, बसता का?" ते नाही म्हणतील असं आम्हाला वाटलं होतं. ते बसले. त्यांच्या डावीकडे अनीसा होती. भानुदासला मी दूर बसवलं, कारण दुसऱ्याला पत्ता सुचवायचा नाही हा नियम.

पहिलं पाकीट फोडलं आणि आप्पा थांबले. त्यांनी एक पत्ता डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "हिला मी वळखतो," ते मोठ्यानं म्हणाले. पंगतीत बोलायचं नाही, पण कुणी अडवलं नाही. पत्ता त्यांनी मांडीवर ठेवला. उजवीकडून पुढचे आले, त्यातून मेंढी उचलली. "ही बी आपली." पुन्हा आले, पुन्हा मेंढी. दुसरं काही त्यांनी बघितलंच नाही. घोडा असो, बुरूज असो, सगळं डावीकडं सरकवायचे. एका पत्त्याच्या वेळी बराच वेळ पाहून म्हणाले, "हिचं कोकरू वारलं होतं पावसात," आणि तो पत्ता बाकीच्यांच्या खाली, जपून ठेवला. मी भानुदासकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

दुसऱ्या पाकिटाला दिशा उलटली. आता अनीसाकडून आप्पांकडे पत्ते जाणार. मी तिच्या मागंच उभा होतो. तिच्या हातात संचातली सगळ्यात दमदार मेंढी आली, कुणीही डोळे झाकून उचलावी अशी. अनीसानं ती बघितली, बाजूचा एक साधा पहारेकरी उचलला आणि मेंढी पुढं सरकवली. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मला पहारेकरी पाहिजे होता." साफ खोटं. मला तरी पत्त्यातलं तेवढं कळतं.

मग डाव. आप्पांजवळ अख्खा कळप होता. त्या पंगतीत मेंढरू म्हणून कुणाकडेच उरलं नव्हतं. माझ्या हिशेबानं हा माणूस आता सगळ्यांना लोळवणार. पहिल्या डावात त्यांच्यासमोर धाडवाला पोरगा बसला. आप्पांनी विहिरी मांडल्या, मेंढरं एकेक करून उतरवली, बळ वाढत गेलं. पोरगा चालून आला.

"आप्पा, मेंढरं आडवी घाला," मी न राहवून बोललो. तपासनीस असून बोललो.

"कशापायी?"

"नाहीतर मार गावाला बसतो."

"बसू द्या," आप्पा म्हणाले. "मेंढरं धाडीच्या तोंडी द्यायची व्हय?"

पुढच्या फेरीला पोरगा पुन्हा आला. आप्पांनी पुन्हा एकही मेंढी पुढं केली नाही. चालून जायचं म्हटलं तर तेही नाही. "रातीचं कुठं न्यायची त्यांना," असं काहीतरी पुटपुटले. फक्त नवीन मेंढी हातात आली की ती नीट बाकीच्यांशेजारी, अंतर राखून मांडायची. गाव मार खात राहिलं. तो पोरगा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. पहिला डाव गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला अनीसा समोर होती. तीसुद्धा हळूहळू, जणू नाइलाजानं चालून गेली, आणि तो डावही गेला. मी आयुष्यभर तोल सांभाळला आणि माझ्या डोळ्यांदेखत या माणसानं सगळ्या पंगतीचा तोल पार उधळला. तरी मला रडू येत होतं.

आता तो फ्लॅट एका दंतवैद्याकडे आहे. निखिल पुन्हा पुण्याला गेला, 'मुलूख' दोन संचांनंतर थांबला. चांगला होता खेळ. अजून चालायला हवा होता, असं मला वाटतं आणि वाटत राहणार. अनीसा लग्न होऊन हैदराबादला गेली, भानुदास अजून चित्रं काढतो. पण 'मुलूख'चं नाव निघालं की मला तो हॉल आठवतो, पांढऱ्या कापडावर मांडलेली मेंढरं आणि त्यांच्यामागं पडलेलं गाव.

त्या दिवशी डाव संपल्यावर निखिल आप्पांजवळ गेला आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून वाकून अगदी हळू म्हणाला, "आप्पा, तुम्ही तिन्ही डाव हरलात बरं का. पण पहिल्यांदाच खेळलात, चालायचंच."

आप्पांनी त्याच्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. एका बोटानं पहिल्या मेंढीपासून सुरू करून ओठ हलवत शेवटच्या मेंढीपर्यंत आले.

"हरलो व्हय?" ते म्हणाले. "मोजून घ्या. एकबी कमी नाय."